एक छेद चार

माझी आत्या वाईहून डोंबिवलीला आली ती आठ दिवसांसाठी. मार्च २०२० चा दुसरा आठवडा. मोतीबिंदू दाखवायचा, दोन लग्नांचे राहून गेलेले आहेर पोचते करायचे आणि पाडव्याची गुढी परत जाऊन आपल्या घरी उभारायची, असा तिचा बेत होता. पाडवा आला २५ मार्चला आणि त्याच दिवशी देशाला कुलूप लागलं. मोतीबिंदू राहिला, आहेर राहिले आणि आत्याही राहिली.

आत्याचं वय तेव्हा पंचाहत्तर. चौतीस वर्षं शाळेत मराठी आणि संस्कृत शिकवलेलं. निवृत्तीनंतर तिने एकच व्यसन लावून घेतलं, संध्याकाळी सात ते साडेदहा मालिका. पण त्या मार्चमध्ये चित्रीकरणंच बंद पडली आणि वाहिन्यांनी जुने भाग पुन्हा बाहेर काढले. "जिचा तेरावा बघितलाय तिचं केळवण परत कशाला बघू?" म्हणत आत्याने रिमोट माझ्या अंगावर टाकला. २८ तारखेपासून दूरदर्शनवर 'रामायण' लागलं तेव्हा चार दिवस बरे गेले. पण रामायणात पुढे काय होणार हे तिला माहीत होतं, हीच अडचण.

तिची गादी माझ्या मुलीच्या खोलीत घातली होती. मुलगी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. दर शुक्रवारी रात्री त्या खोलीतून एक किंकाळी यायची. पहिल्यांदा आली तेव्हा मी पाल समजून झाडू घेऊन धावलो होतो. पाल नव्हती. लॅपटॉपवर एक उंच मुलगा दुसऱ्या उंच मुलाला गिटार शिकवत होता. यात किंचाळण्यासारखं काय, ते मला कळलं नाही. मी झाडू घेऊन परत फिरलो.

आत्याचा मुक्काम लांबला तशी मुलगी एकदा स्वयंपाकघरात येऊन कुजबुजली, "बाबा, मी बघते ती सिरीज दोन मुलांची आहे."

"बरं मग?"

"दोन मुलांची लव्ह स्टोरी. एकमेकांशी."

बायको पोळी लाटत होती. मान वर न करता म्हणाली, "मग हेडफोन लाव."

महाराष्ट्रातल्या निम्म्या सामाजिक प्रश्नांवर हाच तोडगा आहे, आणि तो इतकी वर्षं बऱ्यापैकी चाललाय.

पण मी कुटुंबप्रमुख. आत्याने विचारलंच तर उत्तर तयार हवं, म्हणून मी रात्री जागून एक भाषण तयार केलं. त्यात इंग्रजांनी आणलेलं कलम ३७७ होतं, ६ सप्टेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल होता, पाच न्यायाधीशांचं एकमत होतं. मराठी माणसाला धक्का बसू नये म्हणून तेंडुलकरांच्या 'मित्राची गोष्ट'चा उल्लेख होता आणि आत्याच्या संस्कृतचा मान राखायला शिखंडीही घेतला होता. न्हाणीघराच्या आरशासमोर दोनदा म्हणून पाहिलं. सात मिनिटं भरत होतं.

दोनच दिवसांत आत्या म्हणाली, "तू रात्री तोंडावर पांघरूण दाबून हसतेस ते काय बघतेस? मलाही दाखव."

झालं. पण मोतीबिंदूमुळे तिला पडद्याखाली पळणाऱ्या इंग्रजी ओळी दिसेनात. मग असं ठरलं, की मुलीने त्या वाचायच्या आणि तिथल्या तिथे मराठीत सांगायच्या. मी भाषण खिशात घालून दाराशी स्टूल टाकून बसलो.

मालिका थायलंडची. नाव 'टूगेदर'. त्या वर्षी २१ फेब्रुवारीला सुरू झाली, १५ मेला संपली, भाग सगळे मिळून तेरा. आपल्याकडे तेरा भागांत सून माप ओलांडत नाही. गोष्ट अशी: कायद्याच्या शाखेतल्या टाईनच्या मागे ग्रीन नावाचा मुलगा हात धुऊन लागलाय. त्याला हटवायचं म्हणून टाईन राज्यशास्त्राच्या सारावतला गळ घालतो, की तू माझा प्रियकर असल्याचं सोंग घे. सोंग घेता घेता ते खरं होतं. सारावत या शब्दाचा थाई भाषेतला अर्थ पोलीस इन्स्पेक्टर. तेवढं कळल्यावर आत्याने त्याचं नाव फौजदार ठेवलं आणि पुढे आमच्या घरात त्याला दुसरं नाव राहिलं नाही.

वीस मिनिटं झाली. मी घसा खाकरून ठेवला. आत्या म्हणाली, "फौजदाराचं आधीपासूनच आहे याच्यावर."

मुलगी ओरडली, "आत्याआजी! ते खूप पुढे कळतं!"

"चौतीस वर्षं मुलं सांभाळलीयत मी. जो एखादीकडे मुद्दाम बघत नाही, त्याचंच असतं." मग थोडं थांबून, "एखाद्याकडे." हा व्याकरणातला बदल तिने स्वतःच केला. पुढच्या वाक्यापासून तो पक्का झाला आणि माझं सात मिनिटांचं भाषण खिशातच राहिलं.

ही मालिका काढणारी कंपनी आपला प्रत्येक भाग यूट्यूबवर चार तुकडे करून टाकते. वर कंसात लिहिलेलं असतं, एक छेद चार, दोन छेद चार. तुकडा बरोबर अशा ठिकाणी तोडतात की माणसाने जेवणाचं ताट सरकवून पुढचा लावावा. आत्याला हा अपूर्णांक फार आवडला. सकाळी चहा पिताना ती मला सांगायची, "काल तीन छेद चारवर झोपले मी. फौजदार अजून दारातच उभाय." एकदा कोपऱ्यावरच्या दूधवाल्याने मास्कमधून "कशा आहात आजी?" विचारलं तर म्हणाली, "एक छेद चार." त्याला वाटलं तब्येत.

त्यानंतर मी मालिका बघणं सोडलं आणि बघणाऱ्यांना बघू लागलो. त्यात मजा जास्त होती.

बायको आधी नुसतीच दारातून जायची. मग कपड्यांच्या घड्या घालायला तिथे बसू लागली. तिचा आक्षेप एकच. "यांच्याकडे स्वयंपाकघर कसं नसतं? सारखं बाहेरचं आणून खातात. पोटं बिघडतील." शिवाय ऐन प्रेमाच्या प्रसंगात नायक मध्येच एखादी बाटली किंवा क्रीमची ट्यूब काढायचा, तिचं नाव कॅमेऱ्याकडे धरायचा, गुण सांगायचा आणि मग पुन्हा प्रेमाला लागायचा. मुलगी आणि तिच्या मैत्रिणी यावर हसून लोळायच्या. बायको मात्र विचारायची, "इथे मिळते का ती?"

मैत्रिणी लातूरच्या, कोल्हापूरच्या, एक सावंतवाडीची. सगळ्या आपापल्या घरी अडकलेल्या, सगळ्यांनी हेडफोन लावलेले. थाई प्रेक्षकांच्या नादाने त्या एकमेकींना '५५५५' असा निरोप पाठवायच्या. मला आधी तो ओटीपी वाटला. थाई भाषेत पाचला 'हा' म्हणतात, म्हणून पाचावर पाच म्हणजे हा हा हा. मला ५५५ म्हटलं की वडिलांच्या एका आखाती मित्राने आणलेली सिगारेटची पाकिटं आठवतात. आत्याने ते लगेच उचललं आणि वाईच्या बहिणीला पाठवलं. बहिणीचा उलट फोन आला, "कोणाचे एवढे पाचशे पंचावन्न रुपये द्यायचेत?"

या मुलींना थायलंडमध्ये नाव आहे, 'साव वाय'. साव म्हणजे मुलगी. वाय हे इंग्रजी अक्षर. जपानमध्ये दोन पुरुषांच्या प्रेमाच्या ज्या कथा नि चित्रकथा आल्या त्यांना 'याओई' म्हणत, त्याचं हे आद्याक्षर. त्या लिहिणाऱ्या बहुतेक बायका, वाचणाऱ्याही बायका. जपानी वाचिकांनी स्वतःलाच थट्टेने 'फुजोशी' म्हणून घेतलं, म्हणजे कुजलेली मुलगी. मुलीने हे समजावल्यावर आत्या म्हणाली, "मग आपल्याकडे सोपं आहे. वाय मुलगी म्हणजे वाया गेलेली मुलगी." मुलीच्या ग्रुपचं नाव त्या रात्रीपासून 'वाया गेलेल्या'. सावंतवाडीच्या मुलीने त्यात 'गो' घातला.

एप्रिलच्या मध्यावर मात्र प्रकरण आमच्या घराबाहेर गेलं. फौजदाराची भूमिका करणारा नट, त्याला सगळे ब्राइट म्हणतात, त्याने ट्विटरवर कोणाच्या तरी फोटोंना पसंती दिली. त्यात हाँगकाँगचा उल्लेख देश म्हणून केलेला होता. चीनमधले त्याचे चाहते खवळले. त्याने माफी मागितली. तेवढ्याने भागेना, तेव्हा त्याच्या मैत्रिणीच्या जुन्या पोस्टी उकरून काढल्या. मग चिनी आणि थाई प्रेक्षकांची जुंपली.

आणि इथे थाई प्रेक्षकांनी जे केलं ते भांडणाच्या इतिहासात नोंदवण्यासारखं आहे. समोरच्याने लिहावं, तुमचा देश गरीब आहे. थाई पोरांनी उत्तर द्यावं, हो ना, फारच! समोरच्याने लिहावं, तुमचं सरकार भिकार आहे. उत्तर यावं, अजून जोरात बोला, आम्हाला इथे बोलता येत नाही! शिवी झोंबतच नाही म्हटल्यावर समोरचा काय करणार? आमच्या सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत मी पुढे हाच प्रयोग केला. सेक्रेटरीने "तुमचं मेंटेनन्स थकलंय" म्हटल्यावर "फारच थकलंय, अजून मोठ्याने सांगा" म्हणालो. त्याने खरंच मोठ्याने सांगितलं. थाई माणसाची ऐट सगळ्यांना साधत नाही.

या भांडणात हाँगकाँगचे आणि तैवानचे लोक थायलंडच्या बाजूने उतरले. हाँगकाँगच्या चळवळीतला जोशुआ वाँग आपण 'टूगेदर' बघतोय असा फोटो टाकून मोकळा झाला. बँकॉकच्या चिनी वकिलातीला निवेदन काढावं लागलं. आणि या मैत्रीला नाव पडलं 'मिल्क टी अलायन्स', दुधाच्या चहाची युती! कारण तैवानचा साबुदाण्यासारख्या गोळ्यांचा चहा, हाँगकाँगचा चहा आणि थायलंडचा नारिंगी चहा, तिन्हींत दूध. चीनचा पारंपरिक चहा बिनदुधाचा. पुढच्या वर्षी म्यानमारचे लोकही यात आले आणि ट्विटरने चहाच्या कपाचं चिन्हसुद्धा काढलं. दोन मुलांच्या प्रेमाची हलकीफुलकी गोष्ट काय, आणि वकिलात काय.

आत्याला हे सगळं सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "आपलाही दुधाचाच की. आपण कुठल्या बाजूचे?" त्या दिवसापासून आमच्या घरात कोरा चहा मागणं म्हणजे फौजदाराशी गद्दारी.

तेरावा भाग संपला तेव्हा वाया गेलेल्यांच्यात नाराजी होती. तेरा भाग वाट बघून जोडप्याच्या वाट्याला आलं काय, तर मिठ्या, गिटार आणि लाजणं. ऑगस्टमध्ये 'स्टिल टूगेदर' नावाची पाच भागांची पुरवणी आली. पण आत्याला ऑगस्टपर्यंत थोपवायचं कसं? म्हणून मुलीने मागची एक मालिका काढली. २०१६ ची, 'सोटस'. हे इंग्रजी आद्याक्षरांचं नाव. ज्येष्ठता, शिस्त, परंपरा, एकी आणि जोश अशी पंचसूत्री. सगळी गोष्ट इंजिनिअरिंग कॉलेजात घडते. तिसऱ्या वर्षाचा आर्थित पहिल्या वर्षाच्या पोरांना दरडावतो, पळायला लावतो, आणि त्यातलाच एक काँगपॉप त्याच्या डोळ्याला डोळा भिडवतो. पुढचं तुम्ही ओळखलंत. शाखेची खूण म्हणून तिथे लोखंडी गिअर देतात, आणि गिअर देणं म्हणजे काळीज देणं. मुलीने उसासा टाकला. तिच्या कॉलेजात चार सेमिस्टरमध्ये तिला मिळाली होती ती एक केटी.

आर्थित म्हणजे आदित्य, हे आत्याने दुसऱ्याच मिनिटाला सांगितलं. थाई नावांतलं संस्कृत ओळखणं हा तिचा नवा छंद. श्रेयनामावली थांबवून ती नावं वाचून घ्यायची. टाईन झालेल्या नटाचं पाळण्यातलं नाव मेताविन, त्यावर तिचा तर्क, "मेधाविन्! आणि तुम्ही त्याला विन म्हणता." तिथे गालाची पापी घेणं याला 'होम' म्हणतात, अर्थ वास घेणं, नाक गालाला लावून श्वास आत ओढायचा. माझी मुलगी हे लाजत लाजत सांगत होती. आत्या ताडकन म्हणाली, "अवघ्राण. दशरथाने रामाला विश्वामित्राबरोबर पाठवताना मस्तकाचं अवघ्राण केलं तेच." त्यानंतर पडद्यावर कोणी कोणाच्या गालाजवळ गेलं की आमच्या घरातून "अवघ्राण!" असा पुकारा व्हायचा, कबड्डीतल्या पंचासारखा.

खरी पंचाईत झाली ती 'फी'ने. थाई भाषेत वयाने मोठ्याला 'फी' म्हणतात आणि धाकट्याला 'नोंग'. थोरलं भावंड, धाकटं भावंड. दुकानदार फी, शेजारीण फी, कॉलेजातला सीनियर फी. आणि त्या सीनियरवर प्रेम बसलं तरी तो फीच. मुलगी इमानाने भाषांतर करत होती. काँगपॉप आर्थितसमोर उभा राहिला, संगीत वर चढलं, आणि मुलगी म्हणाली, "दादा, मला तू आवडतोस."

आत्याने चष्मा काढला. "थांबव. काय म्हणाला?"

मी स्टुलावरून उठलो. खिशातलं भाषण चाचपलं. वेळ आली होती.

"प्रेम करायचं तर करा म्हणावं," आत्या म्हणाली, "पण दादा काय? ज्याला दादा म्हटलं त्याला राखी बांधायची."

मुलीने 'सर' करून पाहिलं, ते शिकवणीसारखं वाटलं. 'मित्रा' केलं, ते सभेतलं झालं. नुसतं नाव घेतलं तर सीनियरचा मान जातो. घड्या घालता घालता बायको म्हणाली, "मग 'अहो' म्हण ना."

मुलीने तुकडा मागे घेतला. संगीत पुन्हा चढलं. "अहो... मला तुम्ही आवडता."

खोलीत एकदम शांतता पसरली. आमच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि हे वाक्य या घरात पहिल्यांदाच उच्चारलं गेलं होतं. बायकोने टॉवेलची घडी मोडली आणि तीच पुन्हा घातली. मी पंख्याकडे बघितलं. आत्या म्हणाली, "हे बसलं. असंच ठेव."

तिला सगळंच पसंत होतं असं नाही. तिची खरी तक्रार बायकांबद्दल होती. "या कॉलेजात मुली आहेत की नाहीत? असल्या तर एक तर याची जुनी मैत्रीण म्हणून काड्या घालते, नाही तर जिन्यात उभी राहून यांचे फोटो काढत किंचाळते." मुलगी गप्प झाली. कारण तीही शुक्रवारी तेच करत होती, जिना सोडून. शिवाय एखाद्या मालिकेत बिचारी मुलगी नायकाशी नुसती चांगलं बोलली तरी वाया गेलेल्या तिला शिव्यांची लाखोली वाहायच्या. मुलींनी, मुलींसाठी, मुली वगळून. आत्याने वहीत लिहून द्यावा तसा शेरा दिला: "विषय चांगला, मांडणी एकांगी."

दुसरी तक्रार माझ्या ऑफिसातल्या एका मित्राने केली. त्याला पुरुष आवडतात हे आम्हा चौघा-पाचांना माहीत आहे. बाकी ऑफिस त्याच्यासाठी स्थळं बघतं. त्याला मी फोनवर ही मालिका सांगितली, जरा तोऱ्यातच, आमच्या आत्याला बघा कसं कळतं वगैरे. तो म्हणाला, "बघितलीय. अशा गोष्टींतला नायक नेहमी एकच डायलॉग मारतो. मला मुलं आवडत नाहीत, फक्त तूच आवडतोस. अरे, म्हणजे मी कोण? मला तर मुलंच आवडतात!" ही तक्रार थायलंडमध्येही जुनीच आहे. "आणि ते कॉलेज! कोणी कोणाला चिडवत नाही, घरी कोणी सांगत नाही. माणूस मंगळावर गेल्याची गोष्ट मी सहज पचवीन, पण हे कॉलेज?"

"मग बघत नाहीस तर."

"सगळी बघितली. पहाटे तीनपर्यंत. दोनदा."

मी आत्याची उपमा त्याला ऐकवली. ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, की ही आपली 'बनवाबनवी'च, फक्त साडी नाही. तो खो खो हसला. "१९८८ साली पुरुषांनी बायका असल्याचं सोंग घेतलं तेव्हा कुठे त्यांना पुण्यात खोली मिळाली. आमचं उलट. लॉजवर दोन पुरुष गेले की कोणी काही विचारत नाही, भावंडं समजतात. आम्हाला बायकोचं सोंग घ्यावं लागत नाही, आम्ही आयुष्यभर दादाचं घेतो." मग म्हणाला, "तुमच्या त्या 'फी'ला नावं ठेवू नका."

हे मी घरी सांगितलं नाही. पण त्याच आठवड्यात आत्या एकदा तुकडा संपल्यावर पुढचा लाव म्हणाली नाही. पडद्यावर ते गोल फिरणारं चक्र फिरत राहिलं. ती म्हणाली, "आमच्या शाळेत दोन मास्तर होते. एक गणिताचे, एक चित्रकलेचे. एकाच खोलीत सव्वीस वर्षं राहिले. सगळे म्हणायचे, भाडं वाचवतात." मुलीने काही तरी विचारायला तोंड उघडलं. आत्या म्हणाली, "चित्रकलेचे आधी गेले. मग गणिताचे मास्तर शाळेत यायचे, पण फळ्यावर आकृती काढायची वेळ आली की मुलांना काढायला लावायचे. लाव पुढचा."

मुलीने लावला.

मालिकेतलं प्रेम खरंच आहे असं मानणारा एक पंथ तिथे फार मोठा आहे. दोन नट मालिका संपली तरी जोडीनेच हिंडतात, जोडीने जाहिराती करतात, जोडीने चाहत्यांना भेटतात. अशा जोडीला 'खू जिन' म्हणतात. 'जिन' हा इंग्रजी इमॅजिनचा थाई शेपूटभाग, कल्पनेतली जोडी. पण कल्पनेतल्या जोडीपैकी एकाला खरी मैत्रीण निघाली की चाहत्यांच्या घरी सुतक. आपण हसू नये. अरुण गोविल दिसले की लोक रस्त्यात पाया पडत होते, आणि निळू फुल्यांना पडद्यावरच्या पापांबद्दल बायकांच्या खऱ्या शिव्या खाव्या लागल्या, असं सांगतात. भूमिका अंगाला चिकटते हे आपल्याला ठाऊक आहे. फक्त आपल्याकडे चिकटतं ते बहुधा पाप किंवा पुण्य. तिथे प्रेम चिकटतं आणि त्याचं तिकीट लावता येतं.

त्या नटांच्या वाढदिवसाला चाहते बँकॉकच्या रेल्वे स्टेशनांवर मोठाले जाहिरातफलक विकत घेऊन शुभेच्छा देतात. मुलीने फोटो दाखवला तेव्हा मला एकदम कल्याण-शीळ रस्त्यावर आल्यासारखं वाटलं. फरक इतकाच, की खाली शुभेच्छुकांचे बावीस पासपोर्ट फोटो नव्हते, आणि कोणी गॉगल घातला नव्हता. त्यांना बदल्यात काही न मागता प्रेम करता येतं याचा मला हेवा वाटला.

सप्टेंबरात आत्या वाईला गेली. जाताना मुलीने तिच्या मोबाइलमध्ये सगळं भरून दिलं.

मध्ये बरीच वर्षं गेली. मोतीबिंदू निघाला, आहेर पोचले. मुलगी पास होऊन बंगळूरला गेली. माझ्या भाषणात मात्र दुरुस्त्या कराव्या लागल्या. १७ ऑक्टोबर २०२३ ला आपल्या सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी लग्नांना मान्यता द्यायला नकार दिला आणि तो विषय संसदेचा म्हटला. जून २०२४ मध्ये थायलंडच्या सिनेटने १३० विरुद्ध ४ मतांनी अशा लग्नांचा कायदा मंजूर केला, आणि २३ जानेवारी २०२५ ला तो लागू होऊन आग्नेय आशियातला पहिला ठरला. पहिल्याच दिवशी शेकडो जोडप्यांनी नोंदणी केली. भाषण आता सव्वानऊ मिनिटांवर गेलं होतं.

त्या संध्याकाळी मी आत्याला फोन लावला. बातमी सांगायला, आणि खरं म्हणजे ते एकदा कोणासमोर तरी म्हणून टाकायला.

"कळलं," ती म्हणाली. "नोंदणी करणाऱ्यांत दोन नटही आहेत म्हणे. आपले नाहीत ना?"

"नाहीत."

"मग ठीक आहे. मला कळवल्याशिवाय करतील असं वाटलंच नव्हतं."

"आत्या, त्या निमित्ताने मला जरा बोलायचं होतं. म्हणजे असं बघ, १८६० साली इंग्रजांनी..."

"ते राहू दे. तुझ्या लेकीला आधी फोन लाव. आता मला खालच्या ओळी स्वच्छ दिसतात. सगळं पहिल्यापासून परत बघतेय. त्या कार्टीने मला निम्मं सांगितलंच नव्हतं! तोंडं हलत नव्हती तरी म्हणायची, 'बोलतायत, बोलतायत'."

"तेव्हा ती लहान होती, आत्या."

"ती लहान होती, मी होते का? बरं, थांब जरा, शेजारच्या दोघी आल्यात. त्यांना लिहिलेलं दिसत नाही, मलाच सांगावं लागतं." फोन तिने बाजूला ठेवला असावा, कारण लांबून संगीत चढत गेलेलं ऐकू आलं, मग एक छोटी शांतता, आणि आत्याचा वर्गातला खणखणीत आवाज: "आता तो म्हणतोय, अहो..."